नादेझ्दिन्स्की लाव्हातून हरवलेलं तांबं

सायबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, नोरिल्स्कच्या आसपास बेसाल्ट लाव्हाचे थर एकावर एक चढलेले आहेत. सगळे मिळून जाडी तीन किलोमीटरच्या वर, वय सुमारे २५.२ कोटी वर्षं. रशियन भूवैज्ञानिकांनी या थरांचे अकरा गट पाडले. त्यातला साधारण मधला गट म्हणजे नादेझ्दिन्स्की. हातात घेतला तर हा दगड वरच्या-खालच्या थरांपेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. रासायनिक पृथक्करण केलं की फरक दिसतो. साध्या बेसाल्टमध्ये टनामागे शंभरेक ग्रॅम तांबं असतं. नादेझ्दिन्स्कीच्या खालच्या थरांत ते तीस-चाळीस ग्रॅमवर येतं. निकेलचीही तीच गत, आणि प्लॅटिनम-पॅलॅडियम तर मोजायला उपकरणाचा कस लागावा इतकं थोडं. हिशेब मांडणाऱ्यांच्या मते या लाव्हाने आपल्यातलं जवळपास तीन चतुर्थांश निकेल-तांबं आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास प्लॅटिनम गटातले धातू जमिनीवर येण्याआधीच गमावले होते.

टनामागे साठ-सत्तर ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण एक हजार घन किलोमीटर बेसाल्टचं वजन सुमारे २,८०० अब्ज टन भरतं, आणि तेवढ्या लाव्हातून टनामागे सत्तर ग्रॅम गेले तर ते जवळजवळ २० कोटी टन तांबं होतं. नादेझ्दिन्स्की लाव्हा असा हजारो घन किलोमीटर आहे.

आता दुसरी गोष्ट. याच परिसरात, याच लाव्हाच्या खाली, निकेल, तांबं आणि पॅलॅडियमचे जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी काही साठे आहेत. जगभर खाणींतून निघणाऱ्या पॅलॅडियमचा सुमारे ४० टक्के वाटा इथला असतो. वर धातू गायब, खाली धातूचा ढीग. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, आणि असेल तर नेमका कसा, हा या प्रकरणाचा विषय. माझं मत आधीच सांगून ठेवतो: नोरिल्स्कच्या मॅग्मात धातू विशेष नव्हता. विशेष होती ती त्याची वाट, आणि वाटेत त्याला भेटलेले खडक.

जागा

इथल्या कोळशाची आणि तांबं-निकेलच्या धातुकांची पद्धतशीर पाहणी १९१९ नंतरच्या काही वर्षांत निकोलाय उर्वान्त्सेव यांनी केली. १९३५ पासून इथे कारखाना उभा राहिला तो कैद्यांच्या श्रमावर. १९३८ मध्ये खुद्द उर्वान्त्सेव यांना अटक झाली आणि पुढे कैदी म्हणून ते याच नोरिल्स्कच्या छावणीत आले. या साठ्यांवरचं भूविज्ञान वाचताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आज आपण ज्या नकाशांवरून मॅग्माची वाट शोधतो, त्यातले सुरुवातीचे नकाशे अशा माणसांनी काढलेले आहेत.

सगळ्यांत आधी सापडला तो नोरिल्स्क-१. मग १९६० मध्ये जवळच ताल्नाख सापडला आणि पाठोपाठ खाराएलाख, त्यातला सर्वांत श्रीमंत. तिन्ही ठिकाणी धातुक ज्या खडकात आहे तो गॅब्रो-डोलेराइट, म्हणजे बेसाल्टसारखाच मॅग्मा जमिनीखाली थंड होऊन झालेला खडक (पुढे नुसतं गॅब्रो). त्याचा आकार नीट डोळ्यांपुढे आणायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. हे मोठे गोल ओतीव गोळे नाहीत. लांबी दहा-पंधरा किलोमीटर किंवा त्याहून जास्त, रुंदी एक-दोन किलोमीटर, जाडी शंभर ते तीनशे मीटर. म्हणजे जमिनीखाली आडवा पडलेला, चपटा, लांबलचक नळ. नळाच्या तळाशी आणि तळाखालच्या खडकात घट्ट सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगांचे, पट्टे आहेत. खाराएलाखमध्ये अशा पट्ट्याची जाडी काही ठिकाणी चाळीस मीटरच्या वर जाते. चाळीस मीटर जाडीचा निव्वळ सल्फाइड, मध्ये दगड जवळजवळ नाहीच.

दोनशे मीटर जाडीचा गॅब्रो आणि त्याच्या तळाशी चाळीस मीटर सल्फाइड, हे गणित बसत नाही. बेसाल्ट मॅग्मात मुळात गंधक विरघळतं ते वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास. सल्फाइडच्या द्रवात गंधक सुमारे ३५ टक्के. नळात आज जेवढा खडक आहे तेवढ्याच मॅग्मातून हा साठा खाली बसला असं धरलं, तर गंधक कुठल्या कुठे कमी पडतं, आणि धातूही. बाहेरून गंधक यायला हवं आणि नळातून आज दिसतो त्याहून खूप जास्त मॅग्मा वाहून गेलेला हवा. या दोन गरजांना स्वतंत्र पुरावे मिळतात का, ते पाहू.

गंधक कुणाचं

आधी थोडं मूलभूत. मॅग्मात गंधक मावेनासं झालं की त्यातून सल्फाइडचे द्रव थेंब वेगळे होतात, पाण्यातून तेल सुटावं तसे. फक्त इथे सुटणारा द्रव जड असतो: बेसाल्ट मॅग्माची घनता २.७ च्या आसपास, सल्फाइडची चारच्या वर. तांबं, निकेल आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात प्लॅटिनम-पॅलॅडियम यांना सिलिकेटपेक्षा, म्हणजे बाकीच्या दगडी मॅग्मापेक्षा, हा थेंब प्रिय. तांबं थेंबात सुमारे हजार पटीने साठतं. पॅलॅडियमचा ओढा लाख पटीच्या घरातला. मग थेंब जड म्हणून खाली राहतात आणि धातू गेलेला मॅग्मा पुढे जाऊन लाव्हा होतो. नादेझ्दिन्स्कीच्या रसायनाला हे चित्र चपखल बसतं.

पण वितळलेल्या प्रावरणातून वर येणारा मॅग्मा एरवी असा सहज गंधकाने भरत नाही. वर येताना दाब कमी होतो तशी त्याची गंधक पोटात घेण्याची ताकद वाढते. म्हणून वरच्या थरांत पोचलेला मॅग्मा सहसा अर्धपोटी असतो. त्याला भरून टाकायला बाहेरचं काहीतरी लागतं.

नोरिल्स्कच्या नळांच्या भोवती काय आहे? डेव्होनियन काळात आटलेल्या उथळ समुद्राचे थर: डोलोमाइट, मार्ल आणि त्यात ॲनहायड्राइट, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यावर कोळसा असलेले तुंगुस्का थर. त्यावर लाव्हा. मॅग्मा या सगळ्यांतून वाट काढत आला.

१९६३ मध्ये गोदलेव्स्की आणि ग्रिनेन्को यांनी नोरिल्स्कच्या सल्फाइडमधल्या गंधकाच्या समस्थानिकांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. गंधक-३४ आणि गंधक-३२ यांचं गुणोत्तर एका ठरलेल्या प्रमाणापासून दरहजारी किती सरकलंय, ते बघतात. प्रावरणातलं गंधक शून्याच्या आसपास असतं. डेव्होनियन ॲनहायड्राइटचं +२० च्या आसपास. नोरिल्स्क भागातल्या धातुकांचं येतं +८ ते +१२. गंधकावर त्याच्या गावाचा शिक्का असतो असं समजा, तर इथल्या प्रत्येक टन गंधकातलं निम्म्याच्या आसपास ॲनहायड्राइटच्या गावचं आहे. साठ वर्षांपूर्वीचा हा पुरावा आजही या प्रकरणाचा कणा आहे.

अडचण एकच, पण ती खरी आहे. ॲनहायड्राइटमधलं गंधक सल्फेटच्या रूपात असतं. त्याचं सल्फाइड व्हायला प्रत्येक गंधकाच्या अणूला आठ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. ते मॅग्मातल्या लोहाने द्यायचे म्हटले तर एका गंधकामागे आठ फेरस लोह फेरिक व्हायला हवेत, आणि असं झाल्याच्या खुणा खडकात तेवढ्या प्रमाणात दिसत नाहीत. इथे कोळसा आणि गाळातला सेंद्रिय कार्बन कामी आला असावा, असं बरेच जण मानतात. कार्बनने ते इलेक्ट्रॉन दिले आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला. मला हे पटतं. मात्र कोळशाचे थर वर आणि ॲनहायड्राइट खाली, तेव्हा दोघांची गाठ नेमकी कुठे पडली हे प्रत्येक नळासाठी वेगळं दाखवावं लागतं.

किती मॅग्मा वाहून गेला

१९७९ मध्ये कॅम्पबेल आणि नॉल्ड्रेट यांनी एक साधी कल्पना मांडली. सल्फाइडच्या एका भागाने किती भाग मॅग्माशी देवघेव केली, त्या गुणोत्तराला त्यांनी आर म्हटलं. थेंब किती श्रीमंत होणार हे त्यावर ठरतं. आकडे घालून बघा, म्हणजे कल्पनेचं बळ कळेल.

मॅग्मात टनामागे १०० ग्रॅम तांबं आणि १० मिलिग्रॅम प्लॅटिनम धरू. तांब्याचा ओढा हजार पट, प्लॅटिनमचा लाख पट. आर १०० असेल, तर थेंबात तांबं ०.९ टक्का आणि प्लॅटिनम टनामागे १ ग्रॅम येतं. आर १०,००० केला, तर तांबं ९ टक्क्यांवर जातं आणि प्लॅटिनम ९१ ग्रॅमवर. तांबं दहा पट वाढलं, प्लॅटिनम नव्वद पट. तांब्याची भूक लवकर भागते, पुढे कितीही मॅग्मा आला तरी ते फार वाढत नाही. प्लॅटिनम मात्र येणाऱ्या प्रत्येक नव्या मॅग्मातून गोळा होत राहतं. म्हणून प्लॅटिनम गटातले धातू हे वाहिलेल्या मॅग्माचं खरं मीटर आहेत. तांब्यावरून तो अंदाज काढायला गेलं तर हमखास फसायला होतं.

नोरिल्स्क-१ च्या विखुरलेल्या धातुकातून दगडाचा भाग वजा करून फक्त सल्फाइडचा हिशेब केला, तर प्लॅटिनम आणि पॅलॅडियम मिळून टनामागे ५० ग्रॅमच्या वर जातात. मॅग्मात दोन्ही मिळून टनामागे २० मिलिग्रॅम होते असं धरलं, तरी थेंबाने आपल्या वजनाच्या निदान अडीच हजार पट मॅग्माची झाडाझडती घेतलेली असायला हवी.

वाहण्याचा दुसरा पुरावा नळाच्या बाहेर आहे. मॅग्माच्या उष्णतेने भाजलेल्या खडकांचा पट्टा इथे विलक्षण रुंद आहे, काही ठिकाणी गॅब्रोच्या स्वतःच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही जास्त. एकदाच भरून थंड झालेला दोनशे मीटरचा सिल (थरांमध्ये घुसून गोठलेला मॅग्माचा आडवा पट्टा) शेजाऱ्याला इतकं भाजू शकत नाही. गरम मॅग्मा त्या नळातून दीर्घकाळ येत-जात राहिला असेल तरच हे शक्य आहे. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी पोचलो की मला त्या निष्कर्षाचा भरवसा वाटतो.

दोन पुरावे एकमेकांना छेदतात तेव्हा

गंधकाचे समस्थानिक आणि आर यांचा हिशेब एकत्र मांडला की मात्र गडबड होते. हा भाग सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ वर्णनांत तो राहून जातो.

सल्फाइडमध्ये गंधक ३५ टक्के, मॅग्मात ०.१ टक्का. म्हणजे ३५० भाग मॅग्मात जेवढं गंधक, तेवढं एका भाग सल्फाइडमध्ये. समजा, थेंबातलं सगळं गंधक सुरुवातीला ॲनहायड्राइटचं होतं, +२०. तो थेंब ३५० पट मॅग्मात घुसळला गेला आणि गंधकाची अदलाबदल पूर्ण झाली, तर किंमत +१० वर येईल. नोरिल्स्कच्या आकड्यांशी छान जुळतं. पण आर अडीच हजार असेल, तर तीच किंमत +२.५ च्या आसपास उतरायला हवी. धातू सांगतात अडीच हजार, गंधक सांगतं काही शे.

दोन्ही मोजमापं पक्की आहेत, म्हणजे चूक गृहीतात आहे. मला सर्वांत सरळ वाटणारं उत्तर असं: नळातून नंतर वाहत आलेला मॅग्मा शून्य किमतीचा, कोरा नव्हताच. तोही वाटेत तेच ॲनहायड्राइट खात आला होता, त्यामुळे त्याच्यासोबतही जड गंधक येत राहिलं. अदलाबदल झाली तरी शिक्का पुसला गेला नाही. याच्या बाजूने एक खूण आहे. खाराएलाखच्या धातुकात गंधक सर्वांत जड आहे, पण सल्फाइडमागे प्लॅटिनम-पॅलॅडियम नोरिल्स्क-१ च्या मानाने कमी. नोरिल्स्क-१ मध्ये गंधक थोडं हलकं, पॅलॅडियम जास्त. जिथे जास्त मॅग्मा वाहिला तिथे शिक्का जरा पुसट झाला, पण साधं गणित सांगतं तितका नाही.

दोन सेंटिमीटरचा थेंब

नोरिल्स्क-१ च्या तळाकडच्या ऑलिव्हिनयुक्त गॅब्रोमध्ये सल्फाइडचे गोल थेंब जसेच्या तसे गोठलेले सापडतात, एक-दोन सेंटिमीटरचे. या धातुकाचा गुळगुळीत केलेला तुकडा परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी दिसते ती विभागणी: खाली फिकट गुलाबी-तपकिरी झाक असलेला पिऱ्होटाइट (लोहाचा सल्फाइड), वर पितळी पिवळा चॅल्कोपायराइट (तांबं-लोहाचा सल्फाइड). पिऱ्होटाइटमध्ये आणि कडांना पेंटलंडाइट (निकेल-लोहाचा सल्फाइड), त्याहून फिकट. ओळखायला शंका असेल तर ध्रुवक (प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या गाळण्या) एकमेकांना आडवे लावून मंच फिरवायचा: पिऱ्होटाइट रंग बदलत उजळतो-मावळतो, पेंटलंडाइट काळा तो काळाच. पेंटलंडाइटच्या काही शिरा पिऱ्होटाइटमध्ये ज्योतीसारख्या शिरलेल्या असतात. द्रव नुकता घट्ट झाला तेव्हा, खूप गरम असताना, ही दोन खनिजं नव्हतीच, लोह-निकेल-गंधकाचा एकच स्फटिक होता. थंड होताना निकेलला त्यात राहता येईना, तेव्हा त्या ज्योती बाहेर पडल्या.

खाली लोह-निकेल आणि वर तांबं ही रचना थेंब द्रवातून घट्ट होतानाची. आधी लोह-निकेलचा सल्फाइड स्फटिकतो आणि खाली बसतो. इरिडियम, ऱ्होडियमसारखे धातू त्याच्याबरोबर जातात. उरलेल्या द्रवात तांबं, प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि सोनं साठत जातं. दोन सेंटिमीटरमध्ये जे घडलं तेच ताल्नाखच्या मोठ्या साठ्यांत शेकडो मीटरच्या मापाने घडलेलं आहे. तिथल्या तांबं-समृद्ध धातुकातल्या एका खनिजाचं नावच ताल्नाखाइट आहे.

थेंबाच्या माथ्यावर आणखी काहीतरी असतं. कित्येक थेंबांना वरून सिलिकेट खनिजांनी भरलेली गोल टोपी चिकटलेली दिसते. ती जागा एके काळी वायूचा बुडबुडा होती. मॅग्मातून सुटलेला वायू सल्फाइडला चिकटला आणि दोघं जोडीने तरंगले. याचे परिणाम मोठे आहेत. सल्फाइड जड म्हणून नेहमी खालीच जाणार हे गृहीत इथे मोडतं. बुडबुड्याच्या आधाराने थेंब वरही चढू शकतो, आणि वायूबरोबर गंधक व थोडं निकेल वातावरणात जाऊ शकतं. सायबेरियातला हा उद्रेक आणि पर्मियनच्या अखेरचा महाविनाश एकाच काळातले आहेत, त्यामुळे या टोपीकडे आता जीवाश्मवैज्ञानिकही लक्ष देऊन बघतात.

गंधक नसतं तर

सायबेरियात गंधकाने काम केलं हे म्हणायला तुलनेसाठी असा लाव्हा हवा, जो पृथ्वीच्या कवचाच्या खडकांनी तितकाच दूषित झाला पण ज्याला गंधक भेटलं नाही. तो आहे दख्खन ट्रॅप, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. कीज आणि लाइटफूट यांनी २०१० मध्ये दोन्हींची शेजारी शेजारी तुलना केली. दख्खनमधली बुशे रचना (लाव्हा थरांचा एक गट) कवचाच्या खडकांनी सर्वाधिक दूषित, अगदी नादेझ्दिन्स्कीच्या तोडीची. तरीही तिच्यातलं तांबं आणि पॅलॅडियम शाबूत. बुशेच्या मॅग्माने जे कवच खाल्लं त्यात गंधक नगण्य होतं, त्यामुळे सल्फाइडचे थेंब सुटलेच नाहीत आणि धातू लाव्हाबरोबर वर येऊन सगळीकडे पातळ पसरला. पूर्वी पुस्तकांत असं वाचायला मिळे की, कवचातली सिलिका मिसळल्यानेच मॅग्मा गंधकाने भरून जातो. बुशेने त्या समजुतीला मोठा धक्का दिला. निदान एवढ्या मोठ्या प्रमाणावर तरी बाहेरचं गंधकच लागतं.

जे पटलेलं नाही

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. धातू गमावलेला लाव्हा नादेझ्दिन्स्कीचा, पण धातुक बाळगणाऱ्या गॅब्रोचं रसायन त्याच्याशी नीट जुळत नाही. ते जुळतं त्याच्यानंतर आलेल्या मोरोंगोव्स्की-मोकुलाएव्स्की लाव्हाशी, ज्याच्यात धातू बऱ्यापैकी परत आलेले आहेत. शिवाय नळ वर जाऊन लाव्हाला मिळाल्याची जागा कुणी स्पष्ट दाखवलेली नाही. म्हणून काही अभ्यासकांच्या मते नळ आणि लाव्हा ही दोन वेगळी घरं आहेत.

नॉल्ड्रेट आणि सहकाऱ्यांचं उत्तर असं की सल्फाइड पहिल्यांदा सुटलं ते नादेझ्दिन्स्कीच्या मॅग्मातून, खाली कुठेतरी. मग त्याच वाटेने आलेल्या नंतरच्या मॅग्माने ते पुढे ढकललं, त्याच्यावरून वाहत राहून त्याला आणखी श्रीमंत केलं आणि शेवटी या नळांत आणून टाकलं. नळात आज गोठलेला गॅब्रो हा त्या शेवटच्या वाहकाचा. मी या बाजूला झुकतो, कारण रुंद भाजलेला पट्टा आणि अडीच हजारांचा आर या दोन्हींचा उलगडा त्यातून होतो. तरी नळ आणि लाव्हा यांच्यातला सांधा सापडेपर्यंत ही जोडणी अनुमानच आहे. तो सांधा झिजून गेलाही असेल.

त्याची वाट न बघता करता येण्यासारखी एक तपासणी आहे. एकाच नळात, मॅग्माच्या प्रवाहाच्या दिशेने ओळीने थेंब घ्यायचे आणि प्रत्येकाचं पॅलॅडियम आणि गंधकाचे समस्थानिक, दोन्ही त्याच थेंबातून मोजायचे. एकाच प्रवाहाने थेंबांना श्रीमंत केलं असेल, तर पॅलॅडियम चढत जाताना गंधकाची किंमत हळूहळू उतरायला हवी. ती उतरलीच नाही, तर वाहून आलेला मॅग्मा आधीच ॲनहायड्राइटने पोट भरून आला होता, आणि गंधक मिसळण्याची खरी जागा या नळांच्या खूप आधी, वाटेत मागे कुठेतरी शोधावी लागेल.